स्कूटरचं चाक किंवा टायर बदलताना: साइज वाढवली की हँडलिंगचं नेमकं काय होतं?

टायर गुळगुळीत झाला की मनात हमखास एक विचार येतो: बदलायचाच आहे तर जरा जाड टाकू. टायरवालाही "एक नंबर मोठा आरामात बसतो" म्हणतो. बसतो हे खरंच. पण बसल्यावर गाडी कशी वळते, मीटर किती खरं बोलतं, मेन स्टँडवर मागचं चाक उचललं जातं की नाही, हे सगळं घरी आल्यावर कळतं, आणि तोवर जुना टायर गेलेला असतो.

मी स्कूटरवर वेगवेगळ्या साइज वापरून झालो आहे आणि इतरांच्या गाड्यांवरही पुष्कळ मापंबिपं घेतली आहेत. त्यातून माझं मत असं झालंय की रिमच्या इंचांवर भांडण्यात अर्थ नाही. चाकाचा बाहेरचा व्यास किती आणि टायरचा गोलवा कसा, यावर हँडलिंग ठरतं, आणि या दोन्ही गोष्टी टायर विकत घेण्याआधी घरबसल्या तपासता येतात. कशा, ते पायरीपायरीनं सांगतो. नवीन स्कूटर घेताना ज्यांचा दहा, बारा, चौदा, सोळा इंचांत गोंधळ होत असेल त्यांनाही पायरी ३ ते ६ उपयोगी पडतील.

जवळ काय हवं

- मोजपट्टी (टेप), खडू, कॅल्क्युलेटर, टॉर्च
- स्वतःचं हवेचं गेज. पंपावरच्या गेजवर विसंबू नका. दोन पंप दोन आकडे दाखवतात.
- मुलांची खेळायची मऊ माती, लिंबाएवढा गोळा (कशाला, ते पुढे येईल)
- गाडीचं माहितीपुस्तक आणि गाडीवरचा टायरच्या दाबाचा स्टिकर
- टायर कंपनीचा तक्ता: कुठल्या साइजला किती रुंद रिम चालते, त्याचा
- नोंदणीचे आणि विम्याचे कागद. मंजूर साइजबाहेरचा टायर तुमच्याकडच्या नियमांत बसतो का, हे आधी बघा. अपघातानंतर हा प्रश्न विमा कंपनी विचारते.

१. आधी तक्रार नेमकी काय, ते ठरवा

"गाडीचं हँडलिंग बरोबर नाही" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. कधी, कुठल्या वेगात, काय होतं ते लिहा. खड्ड्यात दणका बसतो ही एक गोष्ट, वळणात गाडी वळायला नाखूश असते ही दुसरी, आणि वेग उतरताना हँडल थरथरतं ही तिसरी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांतल्या पहिल्याच तक्रारीचा चाकाच्या साइजशी थेट संबंध आहे.

हँडल थरथरण्याचंच बघा. ४०-५०च्या आसपास ॲक्सिलरेटर सोडला की छोट्या चाकाच्या स्कूटरचं हँडल थरथरणं ही जुनी ओळखीची तक्रार आहे. लोक लगेच चाकाला दोष देतात. प्रत्यक्षात कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) ढिला असतो, पुढचा टायर एकसारखा झिजलेला नसतो, हवा कमी असते, किंवा मागे भरलेला डबा लटकत असतो, त्यामुळे पुढच्या चाकावरचं वजन कमी झालेलं असतं. (हे तपासायला म्हणून दोन्ही हात सोडून चालवू नका. पकड सैल ठेवली तरी समजतं.)

वळणात गाडी आधी अडते आणि मग एकदम आत पडते, असं होत असेल तर टायरचा मध्यभाग हाताने चाचपून बघा. सरळ रस्त्यावर फार चाललेला टायर मधोमध सपाट होतो आणि त्या सपाटीला कडा येते. गाडी कलताना त्या कडेवर अडखळते, पलीकडे गेली की झपकन पडते. इथे आहे त्याच साइजचा नवा टायर टाकला की काम झालं.

म्हणून पहिलं काम असं: गाडी काही तास उभी राहून टायर गार असताना स्टिकरवर लिहिल्याइतकी हवा भरा आणि काही दिवस चालवा. तक्रार गेली तर पुढचा लेख वाचायची गरज नाही.

२. टायरवरचे आकडे वाचा

समजा टायरच्या बाजूवर ९०/१००-१० ५३ जे असं लिहिलंय. ९० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के. इथे शंभर टक्के, म्हणजे ९० मिमीच. १० म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ५३ हा वजनाचा निर्देशांक, त्याचा अर्थ २०६ किलो. जे हे वेगाचं अक्षर, ताशी १०० किमीपर्यंत. एल असेल तर १२०, पी असेल तर १५०.

जुन्या पद्धतीत ३.५०-१० असंही लिहितात. तिथे रुंदी इंचांत असते आणि उंचीचा आकडा दिलेला नसतो. ती साधारण रुंदीइतकी धरायची.

नवा टायर निवडताना वजनाचा निर्देशांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खाली येऊ देऊ नका. रुंद टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा असं आपोआप होत नाही.

३. रिमचा आकडा बाजूला ठेवा, बाहेरचा व्यास काढा

"बारा इंची चाक दहा इंचीपेक्षा वीस टक्के मोठं" असं अनेकांच्या डोक्यात असतं. रिम वीस टक्के मोठी आहे, चाक नाही. रस्त्याशी संबंध येतो तो टायरच्या बाहेरच्या व्यासाचा. हिशेब सोपा आहे:

बाहेरचा व्यास = रिमचे इंच × २५.४ + २ × (रुंदी × टक्के ÷ १००)

- ९०/१००-१०: २५४ + १८० = ४३४ मिमी
- १००/९०-१०: २५४ + १८० = ४३४ मिमी
- ९०/९०-१२: ३०५ + १६२ = ४६७ मिमी
- १००/९०-१२: ३०५ + १८० = ४८५ मिमी
- ११०/७०-१२: ३०५ + १५४ = ४५९ मिमी
- १००/८०-१६: ४०६ + १६० = ५६६ मिमी

या यादीत दोन गोष्टी बघा. पहिली: दहा इंची ४३४ आणि बारा इंची ४६७, फरक ३३ मिमी, म्हणजे जेमतेम साडेसात टक्के. दुसरी: ९०/१००-१० आणि १००/९०-१० यांचा व्यास सारखाच. रुंदी वाढवायची पण बाकी काही हलू द्यायचं नाही, तर अशा जोड्या शोधायच्या असतात. उलट ९०/९०-१२ च्या जागी १००/९०-१२ टाकलात तर "फक्त एक नंबर रुंद" म्हणता म्हणता चाक १८ मिमी उंच झालं. टायरवाला हे सांगत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही "बारा इंची"च.

हिशेब झाल्यावर खडूनेही मोजा. सपाट जमिनीवर टायरच्या बुडाशी आणि जमिनीवर एकाच जागी खूण करा, गाडीवर कुणाला तरी बसवा, आणि खूण पुन्हा खाली येईपर्यंत गाडी सरळ ढकला. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चाकाचा खरा घेर. वजनाने टायर दबतो, म्हणून तो हिशेबापेक्षा (व्यास × ३.१४) थोडा कमी येतो. हा आकडा लिहून ठेवा. नवा टायर बसवल्यावर तसंच मोजलं की मीटर किती चुकणार ते कळतं.

४. मोठं चाक खड्ड्यात काय करतं, ते आकड्यांत बघा

रस्त्यात २०० मिमी लांबीचा खड्डा आहे असं धरू. ४३४ मिमी व्यासाचं चाक त्यात सुमारे २४ मिमी खाली जातं, ५६६ मिमीचं सुमारे १८ मिमी. खड्डा तोच, पण छोटं चाक त्यात तिसऱ्या हिश्शाने जास्त उतरतं. आता ४० मिमीचा उंचवटा घ्या. छोट्या चाकाचा आस ४० मिमी वर चढायचा तो साधारण १२५ मिमी पुढे जाता जाता. सोळा इंचीला त्यासाठी १४५ मिमी मिळतात. शॉकअपला मिळणारा वेळ तेवढाच वाढतो. धक्का सौम्य वाटतो तो यामुळे.

हाच हिशेब दहा आणि बारा इंचीत केला तर फरक असतो, पण जाहिरातीत वाटतो तेवढा नसतो. चौदा-सोळावर गेलात की मात्र डोळे मिटूनही कळतं, अर्थात मिटू नका.

मग सगळ्याच स्कूटरना सोळा इंची चाकं का देत नाहीत? जागा. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला लागूनच असतं आणि चाकाबरोबरच वर-खाली होतं. चाक मोठं केलं की सीट उंच जाते, सीटखालची डिक्की आक्रसते, पाय ठेवायची सपाट जागा पुढच्या चाकामुळे कमी होते. १९४६ च्या पहिल्या व्हेस्पाला आठ इंची चाकं होती. १९५५ च्या जीएस १५० पासून व्हेस्पाला दहा इंची आली. त्या काळी पुढचं-मागचं चाक एकाच मापाचं असे आणि सोबत स्टेपनी असे. पंक्चर झालं की कुठेही तेच लावा. पुढे ट्यूबलेस टायर आले, स्टेपनी गेली, आणि दोन्ही चाकं एका मापाची ठेवायचं बंधन गेलं. म्हणून २०२० ची होंडा ॲक्टिव्हा ६जी पुढे बारा आणि मागे दहा इंची चालवते. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो आणि दिशाही तेच ठरवतं, तर इंच तिथे खर्च करायचे आणि डिक्की वाचवायची. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. होंडाच्या एसएच मालिकेत दोन्हीकडे सोळा इंची आहेत, यामाहाच्या टीमॅक्सला पंधरा इंची. या गाड्या दगडी फरसबंदीवर किंवा मोठ्या वेगात शांत चालतात, पण त्यांच्या डिक्कीत काय मावतं ते दुकानात उघडूनच बघा.

५. पुढचं चाक बदललं की हँडलचा स्वभाव बदलतो

हँडलचा दांडा जमिनीपर्यंत वाढवला असं समजा. तो जिथे टेकेल ती जागा टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे असते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. स्कूटरमध्ये ते साधारण ७० ते १०० मिमीच्या आसपास असतं. ट्रेल जास्त तर हँडल जड आणि गाडी सरळ धावण्याकडे कल असलेली. ट्रेल कमी तर हँडल हलकं, चपळ, आणि जरा जास्तच कमी झाला तर अस्वस्थ.

गंमत अशी की काटा (फोर्क) तोच ठेवून नुसतं चाक मोठं केलं तरी ट्रेल वाढतो. काट्याचा तिरपेपणा साडेसव्वीस अंशांच्या आसपास असेल, तर चाकाची त्रिज्या जितकी वाढेल त्याच्या निम्म्याने ट्रेल वाढतो. ४३४ वरून ४६७ वर गेलात तर त्रिज्या १६ मिमी वाढली, ट्रेल ८ मिमी. शिवाय गाडी पुढून १६ मिमी उचलली गेल्यामुळे काटा आणखी पाऊण अंशाने मागे झुकतो, त्याचे तीनेक मिमी वेगळे. ८० मिमीच्या ट्रेलवर ११ मिमी म्हणजे थोडंथोडकं नाही. गल्लीत यू-टर्न घेताना हँडल थोडं जड लागेल, आणि मोकळ्या रस्त्यावर शेजारून ट्रक गेला तरी गाडी कमी हलेल.

उलट, फक्त मागचं चाक उंच केलंत तर गाडी पुढे झुकते, काटा उभा होतो, ट्रेल घटतो. पुढे काही न करताही हँडल हलकं आणि चंचल होतं. "मागे टायर बदलला आणि पुढून गाडी डगमगायला लागली" ही तक्रार विचित्र वाटते, पण तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मोठं चाक स्थिर असतं ते फिरत्या वजनाच्या जायरोस्कोप परिणामामुळे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्यात तथ्य आहे: त्याच वेगाला मोठ्या, जड चाकाचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) जास्त असतो आणि त्याला कलवायला जोर लागतो. पण सगळं श्रेय त्याला देऊ नका. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक प्रायोगिक सायकल दाखवली होती. उलट्या फिरणाऱ्या जादा चाकांनी तिचा जायरोस्कोप परिणाम खोडून काढलेला होता, ट्रेलही किंचित उणे होता, तरी ढकलून सोडली की ती आपली आपण सरळ जायची. वजन कुठे आहे आणि हँडल कलाच्या दिशेला आपोआप कसं वळतं, यावर बरंच काही ठरतं. म्हणून पुढे टोपलीत सामान ठेवलं की साइज न बदलताही स्वभाव बदलतो.

६. रुंद टायर: ग्रिप वाढते का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

टायर रस्त्याला किती टेकतो, हे मुख्यतः वजन आणि हवेचा दाब ठरवतात. गाडी आणि चालक मिळून १८० किलो असतील आणि त्यांतले १०८ किलो मागे येत असतील, तर २९ पीएसआय (सुमारे २ किलो प्रति चौ. सेंमी) दाबाला टेकणारी जागा पन्नासेक चौ. सेंमी होते. टायर ९० चा असो वा ११० चा, दाब तोच ठेवला तर हे क्षेत्र फारसं बदलत नाही. बदलतो तो आकार: अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंदाचा आडवा. रुंद टायरची खरी कमाई वेगळी आहे. त्यात हवा जास्त मावते, त्यामुळे तेवढंच वजन तो कमी दाबावर पेलू शकतो, आणि त्याच्याकडे झिजायला आणि तापायला रबर जास्त असतं. पकडीतला मोठा फरक रबराच्या प्रतीमुळे पडतो. चांगल्या रबराचा ९० चा टायर साध्या रबराच्या ११० ला ओल्या रस्त्यावर सहज मागे टाकतो.

तोटे बघू. गाडी कलते तेव्हा टेकण्याची जागा टायरच्या मध्यापासून आतल्या बाजूला सरकते. टायर जितका रुंद, तितकी जास्त सरकते, म्हणून तेच वळण त्याच वेगात घ्यायला थोडं जास्त कलावं लागतं. हा फरक एक अंशाच्या आतबाहेरचा असतो, त्याने कुणी पडत नाही. जाणवतो तो दुसरा परिणाम: पुढच्या रुंद टायरवर वळणात ब्रेक लावला की गाडी उभी राहू पाहते आणि वळणाबाहेर ओढते. शिवाय रस्त्याच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या खाचा, डांबराचे जोड, रुळांच्या कडा यांच्यावर रुंद टायर जास्त वळवळतो.

आता सापळा. टायर रुंद घेतला आणि रिम तीच ठेवली, तर फुगा चिमटीत धरावा तशी टायरची अवस्था होते. बुडाशी आवळलेला, माथ्याला उंच आणि टोकदार. सरळ चालताना टेकणारा पट्टा उलट अरुंद होतो, आणि वळणात टायरची भिंत आडवी हलते, मागून गाडी तरंगल्यासारखी वाटते. रिमची रुंदी रिमवरच इंचांत उठवलेली असते, उदाहरणार्थ २.१५ किंवा २.५०. टायर कंपनीच्या तक्त्यात त्या साइजला ही रुंदी चालते का, ते बघा. चालत नसेल तर विषय तिथेच संपवा. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की तोच टायर सुमारे ५ मिमी रुंद बसतो, हेही लक्षात असू द्या.

माझा सल्ला विचाराल तर पुढे मूळ साइजच ठेवा. मागे, रिमला चालत असेल आणि व्यास तोच राहत असेल, तर एक पायरी रुंद. त्यापुढे जाऊन मिळतं ते मुख्यतः दिसणं.

७. जागा मोजा: मातीच्या गोळ्याचं काम इथे आहे

उभ्या गाडीत टायर कुठेही घासत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. दोघं बसून स्पीडब्रेकरवर आपटल्यावर पुढचं चाक मडगार्डच्या किती जवळ जातं, हा खरा प्रश्न आहे. मडगार्डच्या आतल्या बाजूला, चाकाच्या बरोबर वर, मऊ मातीचा जाड थर चिकटवा. वजनदार माणसाला बसवून हँडल धरून पुढचा शॉकअप जोरात दाबा, दोन-तीनदा. मग टॉर्च धरून बघा. मातीवर टायरचा ठसा उमटला असेल तर उरलेल्या थराची जाडी हीच तुमची शिल्लक जागा. त्रिज्या किती वाढणार तेवढी तिच्यातून वजा करा. आठ-दहा मिमी तरी उरलेच पाहिजेत, कारण टायरला चिखल आणि खडी चिकटते आणि वेगात टायर किंचित फुगतो.

मागे मडगार्डपेक्षा बाजूचं बघा. टायर आणि इंजिनच्या कव्हरमध्ये बहुतेक स्कूटरना बोटभरही जागा नसते. दुसऱ्या बाजूला शॉकअप किंवा सायलेन्सर. रुंदी २० मिमीनं वाढली म्हणजे प्रत्येक बाजूला १० मिमी.

मेन स्टँडही तपासा. चाक उंच झालं तर स्टँडवर ते जमिनीला टेकतं. तसं टेकलेलं असताना गाडी चालू करून रेस केली तर स्टँडवरून पुढे उडी मारते. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, उतारावर उलटू शकते. चाक लहान झालं तर याच्या उलट: वळणात स्टँड रस्त्याला घासतो.

८. मीटर आणि पिकअप

स्पीडोमीटर ज्या चाकावरून चालतो, त्या चाकाचा व्यास वाढला की तो कमी वेग दाखवतो. ९०/९०-१२ च्या जागी १००/९०-१२ म्हणजे ३.९ टक्के. मीटरवर ६०, प्रत्यक्षात ६२ च्या वर. बहुतेक मीटर मुळातच थोडे जास्त दाखवतात, त्यामुळे इतका फरक त्यात मुरतो. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग मात्र कधीच दाखवू नये. नियमही तसाच आहे.

मागचं चाक मोठं केलं की गिअर उंच केल्यासारखं होतं. सिग्नलवरून निघताना आणि चढावर पिकअप सुस्त वाटतो, सपाट रस्त्यावर इंजिन थोडं निवांत फिरतं. छोट्या इंजिनाला तीन-चार टक्केही कळतात. छोट्या चाकाचे फेरे जास्त होतात, किलोमीटरमागे दहा इंचीचे साधारण ७३०, सोळा इंचीचे ५६०, त्यामुळे छोटा टायर लवकर झिजतो. लवकर टायर संपला म्हणून कंपनीला शिव्या देण्याआधी हे ध्यानात घ्या.

९. बसवून घेताना समोर उभे राहा

- टायरच्या बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच हवा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी बाण वेगळे असतात.
- टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, आधी आठवडा मग वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. फार जुना माल नको म्हणा.
- टायर बसल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक उठावदार रेघ दिसते. चाक हळूहळू फिरवून ती बघा. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एका ठिकाणी ती आत बुडाली असेल तर तिथे टायर नीट बसलेला नाही. तो तसाच घेऊन निघालात तर ठराविक वेगाला गाडी उड्या मारते, आणि दोष शॉकअपवर जातो.
- टायरवर रंगीत ठिपका असेल तर टायरचा हलका भाग तो. तो व्हॉल्वच्या अगदी शेजारी येईल असं बसवायला सांगा.
- एका चाकावर रेडियल आणि दुसऱ्यावर साधा टायर अशी मिसळ गाडीच्या कंपनीने सांगितल्याशिवाय करू नका.

जुन्या स्कूटरच्या दोन भाग नट-बोल्टने जोडलेल्या रिमबद्दल वेगळं सांगतो. तिच्यात ट्यूबलेस टायर नुसता बसवला तर जोडातून हवा जाते, ट्यूब लागतेच. आणि चाक खोलताना आधी पूर्ण हवा सोडा, मगच रिम जोडणाऱ्या नटांना पाना लावा. हवा भरलेली असताना ते नट सैल केले तर रिमचे दोन्ही भाग जोरात उडतात. चाक ड्रमवर धरणारे नट वेगळे आणि रिमचे अर्धे भाग धरणारे वेगळे. कुठले कुठले ते माहितीपुस्तकात बघून खडूने खूण करा.

१०. नंतरची चाचणी

नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळूहळू कल वाढवत चालवा, ओल्या रस्त्यावर विशेष जपून. मग मोकळ्या जागेत हे करा: पायी चालण्याच्या वेगाने दोन्ही बाजूंना आठचा आकडा, ३० च्या वेगाने सौम्य वळण आणि त्यातच पुढचा ब्रेक अगदी हलका, सरळ रस्त्यावर ५० वरून ॲक्सिलरेटर सोडून हँडल थरथरतं का ते, आणि शेवटी मागे माणूस बसवून हेच सगळं पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पुढचा टायर, मागचा टायर आणि शॉकअप एकाच दिवशी बदललेत तर फरक कशाने पडला ते कुणालाच सांगता येणार नाही.

साइज बदलली असेल तर स्टिकरवरचा दाब तुमच्या टायरला तंतोतंत लागू होत नाही. टायर कंपनीच्या तक्त्यातला तुमच्या वजनासाठीचा दाब घ्या, टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहा, आणि तिथून दोन-दोन पीएसआयने बदल करत बघा. मागे माणूस बसणार असेल तेव्हाचा दाब वेगळा लिहून ठेवा. दीडशे किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा आवळा, आणि मडगार्डच्या आत टॉर्च मारून घासल्याची चमकदार रेघ कुठे दिसते का ते बघा.